अकरा काळी टोकं

सयाजीनं दुकानाचं शटर वर करून दिलं, मी कालचा कचरा काढायला झाडू घेतला, आणि मशिनच्या पायाशी साठलेल्या रंगीत दोऱ्यांच्या गुंत्यात मला ती टोकं दिसली. दोऱ्यांचा कचरा मला नवा नाही. कोल्हापुरात पापाची तिकटीच्या अलीकडं या सहा बाय आठच्या गाळ्यात गेली अठ्ठावीस वर्षं मी साड्यांना फॉल लावते, पिको करते. माझ्या केसांत दोरे असतात, पदराला असतात, कधीकधी आमटीत निघतात आणि माझा नवरा, हाच सयाजी, ते ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवतो, पुरावा म्हणून. पण कचऱ्यातला दोरा कसा असतो, एक लांब, एक आखूड, एक पिंजलेला. ही टोकं तशी नव्हती. काळी होती, मेण लावल्यासारखी ताठ होती, आणि सगळी एका मापाची, करंगळीच्या पेराएवढी. प्रत्येकाच्या एका बाजूला बारीक गाठ. मी खाली बसले, एकेक वेचलं, फरशीवर शेजारी शेजारी मांडलं. अकरा भरली. चुकून राहिलेल्या दोऱ्याला कुणी गाठ मारत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 

ती मीच कापली होती. इमामबीची बारा कापडी पाखरं परवा माझ्याकडं आली होती, वर टांगायचा दोरा ओवायला आणि इकडंतिकडं राहिलेली टोकं छाटायला; काल रात्री मी ती परत पोचवली. इमामबी म्हणजे चप्पल लाईनीच्या मागच्या बोळातली. अडुसष्ट वर्षांची, काटकुळी, आवाज मात्र भाजी मंडईत चालेल असा. जन्मभर तिनं पाळण्यावर टांगायची चिमणाळी केली: वर एक लाकडी कडं, त्याला लोंबणाऱ्या कापडाच्या चिमण्या नि पोपट, आणि खाली पाळण्यात हातपाय झाडणारं पोर. मग किल्ली दिली की गाणं म्हणणारी प्लॅस्टिकची आली आणि चिमणाळी कुणी घेईनासं झालं. दुसरी असती तर सुईदोरा ठेवून जपमाळ घेतली असती. इमामबीनं फक्त चिमण्या ठेवून दिल्या आणि जी पाखरं आता शोधूनही दिसत नाहीत ती करायला घेतली. धनेश, तिबोटी खंड्या, बेडूकतोंड्या, चार चार नग. आज दुपारी दोनच्या चंदगड गाडीनं ती बारा पाखरं जायची होती. तिकडच्या जंगलात प्रियदर्शनी नावाची वनरक्षक आहे, तिच्या नाक्याजवळच्या एका खोलीत शाळेची पोरं जंगल बघायला येतात, तिथं छताला टांगायला. आणि इतक्या वर्षांत इमामबीनं आपल्या पाखराला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, उजव्यात उतरायला लागला, तेव्हा कुठं तिनं पुठ्ठ्याचं खोकं माझ्यापुढं सरकवून म्हटलं होतं, "टोकं तेवढी काढ. जास्त शानपणा करू नगंस." पहिला हात माझा. आणि त्या हाताला अठ्ठावीस वर्षांची खोड, की धागा दिसला की कात्री.

सयाजी अजून गाडीवरच होता, फौंड्रीला निघालेला. मी त्याला हाक मारली. त्यानं हेल्मेटमधून खाली वाकून बघितलं. "काळा दोरा हाय. ह्यात काय बघायचं?"

"एका मापाची हायत. गाठी हायत."

"बरं मग?"

"मग तिनं मुद्दाम ठेवलेली हुती. मी कापली. अकरा हायत, पाखरं बारा."

"म्हंजे एक वाचलं," तो म्हणाला. सांत्वन करायची ही त्याची पद्धत. मग जरा विचार करून, "पॅक झालं न्हवं? गप बस मग. चंदगडात कोण शेपूट वर करून बघणार हाय?" असं म्हणून त्यानं किक मारली आणि गेला, आणि मी त्या अकरा टोकांपुढं मांडी घालून बसले. एक बाई साडी घेऊन आली, तिला उद्या या म्हटलं. ती म्हणाली, तुमची तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, बरी आहे, हात बरा नाही.

शेपूट हा शब्द सयाजीनं सहज टाकला, पण तो माझ्या मनात अडकला आणि त्याच्याबरोबर एक चिमणी खाली आली, सव्वीस वर्षांपूर्वीची. आमची स्वप्नाली पाळण्यात होती तेव्हा महाद्वार रोडच्या फुटपाथवरून मी एक चिमणाळं आणलं होतं. इमामबीचंच असणार, कोल्हापुरात दुसरं कोण करत होतं? चार चिमण्या, दोन पोपट. त्या चिमण्यांच्या शेपटाखालीही असंच काळं टोक लोंबत होतं. मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या भाकरी थापत होत्या, मान न वळवता म्हणाल्या, "नजरंचा असतोय. पोराला लागायची ती पाखराला लागती." पटण्यासारखं होतं. मी नजर-बिजर मानत नाही, म्हणजे तोंडानं मानत नाही. स्वप्नालीच्या टाचेला काजळ मात्र लावत होते, कुणी बघणार नाही अशा जागी, देवालाही जरा फसवून. तर ते हे. नजरेचे दोरे. त्या बिनदोऱ्याच्या पाखरांच्या विचारानं मला एकदम कसंसंच झालं. धनेशाची ती पिवळीधमक चोच, खंड्याचं ते जांभळं-केशरी अंग, आणि खाली पन्नास पोरं तोंड वर करून बघणार, अरे बाप रे केवढं भारी म्हणणार, आणि मधे आडवं काहीच नाही. मग मन आणखी भरकटलं. वाटलं, जंगलातल्या खऱ्या पाखरांना असा दोरा कुणी बांधला नाही, म्हणून तर ती संपत आली नसतील? हा विचार मला इतका आवडला की थोडा वेळ मी अपराध विसरून त्याच्याकडंच बघत बसले. मला असे विचार येतात. शाळा नववीत सुटली की ते असे वाट्टेल तिथून आत शिरतात, दाराला कडी नसते.

सांगायचं की नाही, हा प्रश्न दिसायला साधा होता. न सांगितलं तर कुणाला कळलं नसतं. इमामबीला तिचे डोळे सांगणार नव्हते. सांगितलं तर तिनं खोकं ओढून घेतलं असतं आणि म्हटलं असतं, जा बाई, तुझं पिको कर. आणि मला त्याचंच भय होतं, पाखरांचं नंतर. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं. मला जन्मात कुणी काही शिकवलेलं नाही. माहेरी, कोडोलीत, आमच्या घरासमोर एक शिंपी होता. बारा-तेरा वर्षांची मी त्याच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची. कच्चा टाका कसा घालतो, बाहीची गोलाई कशी उतरवतो, सगळं डोळ्यांनी गिळायची. त्याच्या ध्यानात आलं तसं एके दिवशी त्यानं मशिन उचललं आणि पाठ खिडकीकडं येईल असं फिरवून ठेवलं.  पुढं मी त्याच्या पाठीवरून शिकायला लागले. खांदा किती हलला की टाका केवढा, हे मला आजही ओळखता येतं. अशा पाठी वाचत वाचत मी पन्नाशी ओलांडली. आणि आता कुठं एक बाई, तोंडानं शिव्या देत का होईना, खोकं माझ्याकडं सरकवत होती. पुढच्या खेपेला तिनं चोच करायला दिली असती. त्याच्या पुढच्या खेपेला कदाचित पोट. पोट म्हणजे सगळं. पोट भरताना इमामबी दार लोटून घेते.

तिची आणि माझी गाठ दोन वर्षांपूर्वीची. फॉल लावताना साडीच्या काठाच्या चिंध्या उरतात, त्या मागायला ती दुकानात आली होती. मी पिशवीभर दिल्या, तिनं त्या फरशीवर ओतून त्यातल्या फक्त तीन घेतल्या. "बाकीच्या?" मी म्हटलं. "त्या तू शिव. फरशी पुसायला हुतील." मला राग यायला हवा होता. मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, आणखी तीन चिंध्या घेऊन. तेव्हा तिच्या खोलीत पहिल्यांदा ते बघितलं. छताला एक खंड्या होता, नदीवर दिसतो तो साधा, मुठीत मावेल एवढा. कबनूरला तिचा भाचा मोहसीन यंत्रमागावर आहे. कापडाच्या कडेची झालरीसारखी पट्टी मागावर कापून पडते, ती तो पोत्यानं आणून देतो. ती पट्टी एकावर एक, एकावर एक अशी बसवलेली की बोट फिरवलं तर पीसच. पाय चप्पल लाईनीत पडलेल्या चामड्याच्या कातरणींचे. चोच नारळाच्या करवंटीची, काचेनं घासून घासून पातळ केलेली. हे सगळं हुशार माणसाला जमेल. पण ते पाखरू टांगलेलं वाटत नव्हतं. इमामबीनं खालून हलकी फुंकर घातली, त्यानं एक गिरकी घेतली, सावकाश, आणि परत आपल्या जागी आलं, काहीतरी आठवल्यासारखं. ती म्हणाली, "टांगल्यालं येगळं, लटकल्यालं येगळं, आन् उडतंय ते येगळं. बाजारात सगळी लटकल्याली असत्यात. फाशी दिल्यागत." पोटात वाळूची पुरचुंडी असते, एवढं तिनं सांगितलं. ती कुठं असते, ते नाही. मी त्या पुरचुंडीचा दोन वर्षं विचार करत होते. मशिन चालवताना, डाळ निवडताना. मधोमध असेल का? शेपटाकडं असेल का? एखाद्याच्या पोटातल्या गोष्टीचा इतका विचार मी गरोदरपणानंतर केला नव्हता.

आणि चंदगड. चंदगडला आम्ही दोनदा गेलो, कारण इमामबी फोटोवरून पाखरू करत नाही. प्रियदर्शनीनं मोबाईलवर धनेश दाखवला तेव्हा ही म्हणाली, "पोट कुठाय?" प्रियदर्शनी म्हणाली, चाची, फोटो बाजूनं काढलाय. "मग बाजूनं टांगायचं व्हय? पोरं खालनं बघणार की नाकासमोर?" म्हणून पहिल्यांदा श्रावणात गेलो, खंड्यासाठी. तो दिसला पापणी लवायच्या आत, नारिंगी ठिणगी उडाल्यासारखा. मी म्हटलं, मला काही नीट दिसला नाही. इमामबी म्हणाली, मला पाय दिसले. दुसऱ्यांदा थंडीत. एसटीतून उतरून दीड तास चालवलं प्रियदर्शनीनं, मधे एका झुडपापाशी थांबून नुसतं बोट दाखवलं. मला वाळकी पानं दिसली. बराच वेळ वाळकी पानंच दिसली. मग त्यातल्या एका पानाला डोळा फुटला. बेडूकतोंड्याची जोडी, एकमेकांना चिकटून, हाताच्या अंतरावर, आणि आम्ही तिघी बायका श्वास धरून. पुढं एक मोठा उंबर होता, फळांनी लगडलेला. प्रियदर्शनी म्हणाली, इथं धनेश येतात, पण वाट बघावी लागंल. इमामबीनं इकडंतिकडं बघितलं, प्रियदर्शनीच्या पाठीवरची रेनकोटाची घडी ओढून घेतली, उंबराखाली पसरली आणि पदर डोक्यावर नीट घेऊन चक्क उताणी झोपली. अडुसष्ट वर्षांची बाई. मी म्हटलं, "चाची, मुंग्या हायत." ती म्हणाली, "पाळण्यातलं पोरगं असंच असतंय. त्याला मुंग्या न्हाईत व्हय?" पाऊण तास ती तशी पडून होती. मग एसटीचा हवेचा ब्रेक सुटावा तसा आवाज वरून आला, लांबून, मग अगदी डोक्यावर, आणि तो आला. मी पंख बघितले, चोच बघितली, प्रियदर्शनी माझा दंड दाबत होती. खाली बघितलं तर इमामबीचा उजवा हात हवेत होता आणि बोटं हलत होती, अंगठ्यावर तर्जनी, तर्जनीवर मधलं, दोरा गुंडाळल्यासारखी. ती तेव्हाच तो धनेश करत होती. मी आयुष्यात देवळात अनेकदा हात जोडले आहेत, पण आपोआप जोडले गेले ते त्या उंबराखाली, आणि ते धनेशासाठी नव्हते.

तर अशा बाईला आपण फसवायचं होतं. साडेदहाला मी शटर खाली ओढलं, अकरा टोकं रुमालात बांधली आणि महाद्वार रोडनं निघाले. रस्त्यात दोनदा वाटलं परत फिरावं. एकदा तर फिरलेही, फुलवाल्यापर्यंत. मग वाटलं, आपण न सांगता पुढच्या खेपेला तिच्याकडून चोच शिकू, मग पोटही शिकू, पण शिकताना सगळा वेळ तिच्या पाठीकडंच बघत असू. तीच खिडकी झाली की. पुन्हा वळले.

इमामबी उंबऱ्यात बसून चहात बेकरीतलं कडक बटर बुडवत होती. खोकं तिच्या मागं, झाकण बंद, सुतळीनं बांधलेलं. "काय गं पिकोवाली, सकाळी सकाळी? दुकान जळालं का नवरा पळाला?"

मी रुमाल सोडून तिच्यापुढं धरला. तिला दिसेना. मी तिचं बोट धरून टोकांवर ठेवलं. बोटाला लगेच कळलं. चहाची कपबशी तिनं बाजूला ठेवली.

"चाची, मी कापली. मला वाटलं राहिलेली टोकं हायत. सकाळी कचऱ्यात बघितलं तवा कळलं, नजरंची हायत."

"कशाची?"

"नजरंची. पाखराला नजर लागू नये म्हणून..."

ती माझ्याकडं बघत राहिली, म्हणजे माझ्या आवाजाकडं. आणि मग एवढ्या मोठ्यानं हसली की समोरच्या दारातून कुणीतरी डोकावलं. "नजर! अगं नजर लागायला माझी पाखरं काय बारशाला चाललीत? नजरंला चपलंचा मेणाचा दोरा घालतंय व्हय कोण? तुला कोण सांगितलं हे?"

"सासूबाई."

"खुळी हुती तुझी सासू. अल्ला माफ करो." आणि हसता हसता तिचं हसू थांबलं. एकदम, मशिनचा पट्टा निसटावा तसं. तिनं खोकं ओढलं, सुतळी तोडली, आत हात घालून एकेका पाखराचं शेपूट चाचपलं. अकरा पाखरं तिनं सतरंजीवर ठेवली. बाराव्याला थांबली. तो बेडूकतोंड्या होता. त्याच्या वाळक्या पानांच्या रंगात काळं टोक लपून राहिलं होतं, माझ्या कात्रीला दिसलं नव्हतं. तिनं त्याला चौकटीच्या खिळ्याला टांगलं. "बघ," म्हणाली. पाखरू सरळ होतं. तिनं त्याच्या मानेवर दोनदा टिचकी मारली, तशी चोच हळूहळू खाली आली आणि जे पाखरू मघाशी फांदीवर बसलं होतं ते मेलं. दुसरा शब्द नाही. तेच कापड, तेच डोळे, आणि मेलेलं. मग तिनं शेपटाखालचं काळं टोक चिमटीत धरून केसभर ओढलं. मान वर आली. ते परत जिवंत झालं.

"वाळू असती आत. कापूस दबतोय, दमट हवा लागती, वाळू सरकती गळ्याकडं. वरसा-दोन वरसानं चोच पडती. मग हे टोक ओढायचं, की पाखरू उठतंय. तुझ्या पोरीचं चिमणाळं न्हाई का पडलं?"

पडलं होतं. दोन वर्षांनी सगळ्या चिमण्यांनी माना टाकल्या होत्या, आणि मी ते चिमणाळं जुनं झालं म्हणून बोहारणीला दिलं होतं. तो दोरा समोर लोंबत होता आणि मी त्याला नमस्कार करून त्याच्या वाटेला गेले नव्हते.  मी म्हटलं, "मग आता?"

"आता काय? टोक आत गेलं. चंदगडचा एक पावसाळा, आन् अकरा मुडदे टांगल्यालं." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा तू."

मी उठले. चपलेत एक पाय घातला. दुसरा घालवेना. तेवढ्यात बोळातून प्रियदर्शनी आली, खाकी कपड्यांत, हातात दोन मोठ्या पिशव्या, गाडीला वेळ आहे म्हणून जरा लवकरच. सतरंजीवरची पाखरं बघून ती आधी आनंदली, मग आमची तोंडं बघून दारातच थबकली. मी तिला सांगितलं काय झालं ते. दुसऱ्यांदा सांगायला पहिल्याएवढं जड गेलं नाही. ती म्हणाली, "एवढंच व्हय? चालतंय की चाची. आत्ता सरळ हायत न्हवं? पोरांना काय कळतंय?"

"पोरांनाच कळतंय," इमामबी कडाडली. "तुझ्या साहेबाला कळायचं न्हाई. पोरगं खालनं बघतंय. चोच पडली की इचारतंय, मेलं काय ओ बाई? मग तू काय सांगणार? आधीच हायत किती? खरं बघायला मिळायचं न्हाई त्यास्नी. जे बघतील ते हेच. मेल्यालं पाखरू माझ्या हातनं जायचं न्हाई." आणि तिनं पहिला धनेश मांडीवर उताणा घेतला, ब्लेडचं पातं शोधलं आणि पोटाची शिवण चाचपायला लागली. मी उंबऱ्यात उभी, एका पायात चप्पल. तिची शिवण मी दोन दिवस न्याहाळली होती; ती बोटाला लागत नाही, हीच तर तिची करामत. पातं एकदा कापडावर टेकलं, उचललं, परत टेकलं.  प्रियदर्शनी काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेनं थांबवलं. बोळात कुणीतरी चामड्यावर हातोडा मारत होतं, त्याचे ठोके मी मोजत होते असं नाही, पण ऐकत होते.  मग इमामबीनं पातं सतरंजीवर ठेवलं.

"टाका दिसत न्हाई मला," ती म्हणाली. तो आवाज मंडईतला नव्हता. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता, आणि वाटलं, आपण ऐकायला नको होता. मग दाराकडं तोंड करून, "सांगायला पायजे हुतं म्या तुला. कुणाला सांगायची येळच कधी आली न्हाई. चप्पल काढ. बस हितं."

मी बसले. उसवणं मला येतं. शिवण्याइतकंच उसवून मी पोट भरलंय. एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, पात्यानं नुसता स्पर्श करायचा, कापडाला कळू द्यायचं नाही. धनेशाचं पोट उघडलं. आत कबनूरच्या पट्ट्यांचा पांढरा कापूस-कापूस गोळा, आणि त्यात लाल कापडाची सुपारीएवढी पुरचुंडी. मधोमध नव्हती. शेपटाकडंही नव्हती. गळ्याच्या जरा खाली, डाव्या अंगाला कललेली. मी तिथं बोट ठेवून नुसती बसले.

"काय झालं?"

"डावीकडं हाय."

"मग? तुझं काळीज कुठं असतंय?" इमामबी म्हणाली. "धनेशाची चोच जड, डोक्यावर टोपी. त्याला आत वजन असं द्यायला लागतंय. खंड्याचं येगळं. खंड्याचं सांगीन तवा सांगीन." तिनं डब्यातून मेणाच्या काळ्या दोऱ्याचं रीळ काढून दिलं. पुरचुंडीच्या गळ्याला फास, दोरा कण्याच्या बाजूनं मागं, शेपटाखालून बाहेर, शेवटी गाठ, म्हणजे दोरा आत सटकत नाही. गाठ तिनं बोटानं तपासली आणि सोडायला लावली. परत मारली. परत सोडायला लावली. "साडीचा फॉल न्हवं हा." तिसरी तिनं ठेवली. प्रियदर्शनीनं घड्याळ बघितलं, सतरंजीवरची राहिलेली दहा पाखरं बघितली, ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीनं येते, काम राहिलंय. मग पिशव्या कोपऱ्यात ठेवून ती चहा टाकायला आत गेली.

पोट शिवून, बेडूकतोंड्या उतरवून, मी धनेश त्याच खिळ्याला टांगला. टोक चिमटीत धरलं. ते इतकं लहान होतं की धरल्यावर हातात काही आहे असं वाटत नव्हतं, फक्त पलीकडून कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटत होतं. ओढलं. चोच वर आली, आणखी वर आली.

"थांब की. एवढी मान वर करून पाखरू उडतंय व्हय? तसं माणूस बसतंय, फोटू काढताना. मार टिचकी."

मी टिचकी मारली. जरा खाली आली. परत केसभर ओढलं. इमामबी पाखराकडं बघत नव्हती. समोरच्या भिंतीवर उन्हात त्याची सावली पडली होती, काळी, मोठी, तिच्या डोळ्यांनाही दिसेल अशी, आणि ती त्या सावलीकडं तोंड करून बसली होती. सावलीची चोच भिंतीवरून सरकत सरकत एका जागी आली आणि तिथं थांबली. मी चिमटी सोडली. इमामबीनं पुढं झुकून खालून फुंकर घातली. पंख पसरलेली ती सावली भिंतीवरून निघाली, माझ्या खांद्यावरून गेली, चहा घेऊन बाहेर आलेल्या प्रियदर्शनीच्या खाकी पाठीवरून गेली, दारापर्यंत जाऊन परत आली.

इमामबीनं सतरंजीवर हात फिरवून पातं माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाली, "दुसरं आण."